मालकाचं बोट

दलिचंद शेठांनी एकेक करून सगळं सोडलं होतं. आधी व्यापार सोडला, मग पायातली चप्पल सोडली, मग अन्न सोडलं आणि शेवटी घरच्या माणसांवरचा हक्क सोडला. धुळ्याच्या घरी जमिनीवर अंथरलेल्या चटईवर, उकळून गार केलेल्या पाण्याच्या घोटांवर ते संथाऱ्यात होते. म्हणजे मरणाची वाट व्रत म्हणून, शांतपणे बघत होते. हे साऱ्या समाजाला ठाऊक होतं. जळगावच्या त्यांच्या दालमिलच्या सॉफ्टवेअरला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. ते पडद्यावर एकच इंग्रजी ओळ धरून बसलं होतं: मालकाचं बोट लावा.

त्या ओळीपुढे नवल डोकं धरून बसला होता. नवल मूळचा सोनगीरचा, आता धुळ्यात राहणारा, आणि धंदा असा की लग्नात पाहुण्यांनी विचारलं तर सांगताना दम लागावा. जुनी सॉफ्टवेअरं तो जिवंत ठेवायचा. नव्या पोरांना जुन्याला हात लावायचा नसतो, आणि ज्यांनी जुनं विकलं त्या कंपन्या कधीच गाशा गुंडाळून गेलेल्या असतात. मधल्या मध्ये बेवारस झालेल्या कारभारांचा खान्देशात जो काही वाली होता, तो नवल होता.

दालमिलचं सॉफ्टवेअर त्यानंच बसवलेलं होतं, अगदी तरुणपणी, पुण्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरीवर असताना. ते चालायचं जुन्या निळ्या 'ई'च्या ब्राउझरमध्ये. त्या ब्राउझरच्या पोटात एक छोटासा तुकडा बसवलेला असे. प्लगइन म्हणतात त्याला. ब्राउझरला स्वतःहून वजनकाट्याशी किंवा बोट वाचायच्या डबीशी बोलता येत नाही. हा तुकडा मधला दुभाषा. काट्यावर गाडी चढली की वजन आपोआप आत जाई, गेटपास छापून येई, गेटचा दांडा उठे. इतकी वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं, म्हणून कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग कॉम्प्युटरनं स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं आणि त्या झपाट्यात जुना ब्राउझर हाकलून दिला. दुभाषा मुका झाला. वजनाच्या जागी एक रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली, एवढंच दिसायला लागलं.

नवलनं आपले सगळे उपाय करून पाहिले. नव्या ब्राउझरला जुन्याची नक्कल करायला लावली. मिलचा पत्ता भरवशाच्या पत्त्यांत घातला. जपून ठेवलेल्या सीडीवरून तो तुकडा पुन्हा बसवला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. काही केल्या जमेना, तेव्हा त्यानं घरून आपला म्हातारा लॅपटॉप आणला, ज्याला त्यानं कधी नवं होऊ दिलं नव्हतं. त्यावर तुकडा बसला, डबीचा दिवा लागला, आणि नवलला हायसं वाटलं. पण ते सुख चहा गार होईपर्यंतही टिकलं नाही. तुकड्यानं लॅपटॉपकडे पाहिलं, तो त्याला परका वाटला, आणि परक्या मशीनवर कारभार सुरू करायला त्यानं मालकाची परवानगी मागितली.

"म्हणजे काय करायचं?" प्रेमराजनं विचारलं. प्रेमराज दलिचंद शेठांचा मुलगा. आता मिल तोच बघायचा. काही दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

"पहिल्यांदा बसवलं तेव्हा शेठजींचं बोट घेतलं होतं, मालक म्हणून. ते पुन्हा लावावं लागेल. एकदाच. मग हा लॅपटॉप आपला होतो आणि पुढचं सगळं मला नव्या सॉफ्टवेअरात काढून नेता येतं."

"आणि नाही लावलं तर?"

"तर आतलं सगळं आतच राहील. तीनदा चुकीचं बोट लागलं तरी तेच, कायमचं कुलूप. ज्यांनी हे कुलूप बनवलं, ती कंपनी आता नाही. त्या माणसांनाही मी शोधलं. एक परदेशात आहे. तो म्हणाला, चावी ठेवलीच नव्हती."

प्रेमराज खुर्चीत मागे रेलला. खिडकीतून वजनकाटा दिसत होता. हातानं लिहिलेल्या पासावर गाड्या सोडायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला होता. पण कोणत्या गोदामात कोणता माल, कोणता कोणाचा, हे सगळंच त्या कुलपाच्या आत असल्यानं पहिल्याच दिवशी एकाची तूरडाळ दुसऱ्याच्या गाडीत चढली आणि भांडणं झाली. तेव्हापासून मिल ठप्प होती. डाळ निवडणाऱ्या बाया सकाळी यायच्या, गेटाशी सावलीत बसायच्या आणि परत जायच्या.

गेटवरचा पुना तेवढ्यात दारात आला. "नवलभाऊ, काही व्हयनं का? बठ्ठ्या गाड्या उभ्या शेतस. डायवर लोके मना जीव खाई ऱ्हायनात."

"व्हई रे, पुनाभाऊ. थोडी कळ काढ."

पुना गेला. प्रेमराज म्हणाला, "चला धुळ्याला."

"शेठ, पण शेठजींनी तर..." नवलला वाक्य पुरं करता येईना. संथारा घेताना शेठजींनी साध्वीजींसमोर पच्चक्खाण घेतलं होतं, व्रताचा शब्द दिला होता, की यापुढे मिलशी, मालाशी, कुठल्याही व्यवहाराशी आपला संबंध नाही. हे प्रेमराजनंच त्याला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याची छाती अभिमानानं भरून आली होती.

"माहीत आहे मला," प्रेमराज म्हणाला. "मला माहीत नाही का? पण बाबूजी बहुतेक वेळ झोपेतच असतात. त्यांना कळणारही नाही. आणि जे त्यांना कळलंच नाही, त्यानं व्रत कसं मोडेल? तुम्हीच सांगा."

नवलला हा हिशेब पटला नव्हता. पण गेटाशी बसलेल्या बायाही त्यानं पाहिल्या होत्या. त्यानं लॅपटॉप आणि डबी पिशवीत घातली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. प्रेमराज गाडी चालवत होता. नवलच्या डोळ्यांपुढे ती जुनी दिवाळी येत होती. दलिचंद शेठांनी नवा कॉम्प्युटर वह्यांच्या शेजारी पाटावर मांडायला लावला होता. गुरुजींनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. घरच्या बायका वर्षातून तेवढ्याच दिवशी मिलमध्ये येत. त्या मागे रेशमी साड्यांत उभ्या होत्या. कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलेलं बघून पोरसवदा नवलला हसू आवरेना, पण शेठजींचा चेहरा इतका गंभीर होता की त्यानं ते गिळलं.

मग बोट घ्यायची वेळ आली आणि नवलनं पाठ फिरवली. ही त्याची पहिल्यापासूनची रीत. गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असलं, बोट लावत असलं, की नवल भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. दुसऱ्याच्या घरात शिरताना जोडे बाहेर काढावेत, तसं त्याला ते वाटे. त्या दिवशीही तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. मागे काहीतरी कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या, कोणीतरी हलकेच हसलं, आणि डबीनं 'टिंग' केलं. तो वळला तेव्हा शेठजी उपरण्याच्या टोकानं डबीची काच पुसत होते. "झालं. मालकाचं बोट लागलं," ते म्हणाले होते. इतके खूश ते नवलला पुन्हा कधी दिसले नाहीत.

फागणे मागे पडलं तेव्हा नवलच्या फोनवर त्याच्या आईचा, प्रमिलाबाईंचा फोन आला. त्या सोनगीरला असायच्या.

"भाऊ, जेवना का तू?"

"नही व माय. कामले चालनू. दलिचंद शेठना घर."

"त्यास्नी तं संथारा लियेल शे ना? मंग त्यास्नाकडे काय काम शे तुनं?"

"त्यास्नं बोट लावानं शे मशीनले. एकदाव."

"इचारी ल्हेजो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"कोनले?"

"घरनी मोठी बाईले. मरनारा माणूसना हात घरनी बाईना ऱ्हास, भाऊ."

नवलनं फोन ठेवला. प्रेमराज शेजारीच होता, त्यानं सगळं ऐकलं होतं आणि खान्देशात जन्म गेल्यामुळे त्याला ते कळलंही होतं. तो समोर बघत म्हणाला, "बाईंना यात ओढायचं नाही. त्या आधीच खूप सोसतायत." बाई म्हणजे त्याची आई, सज्जनबाई. मारवाडी घरांतून आईला अशीच हाक मारतात. नवल गप्प राहिला, आणि हे त्याचं गप्प राहणं त्याला पुढे फार महागात पडलं.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या घरापुढे चपलांचा ढीग होता. दर्शनाला माणसं येत होती, हात जोडून जात होती. आतल्या खोलीत बायका नवकार मंत्र म्हणत होत्या, एका सुरात, न थांबता. पांढऱ्या साडीतल्या सज्जनबाई चटईपासून हातभर दूर बसल्या होत्या. नवलला पाहून त्यांनी मान हलवली. त्याला त्या ओळखत होत्या. वर्षानुवर्षं तो दिवाळीला फराळाला येत असे आणि त्यांना अक्का म्हणत असे.

"बाई, बाबूजींना जरा शांतपणे पडू द्या," प्रेमराज म्हणाला. "सगळ्यांना थोडा वेळ बाहेर बसू द्या."

सज्जनबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग त्या उठल्या. "पाण्याची वेळ झालीच आहे. मी गार झालं का बघते," असं म्हणून स्वयंपाकघराकडे गेल्या. त्यांच्या मागून बायकाही बाहेर गेल्या. प्रेमराजनं दार लोटलं.

दलिचंद शेठ डोळे मिटून पडले होते. एके काळी या माणसाच्या खांद्याला खांदा लावायला हमाल कचरत; आता चादरीखाली कोणी आहे की नाही असं वाटावं इतकं शरीर उरलं होतं. चेहरा मात्र स्वच्छ आणि मोकळा होता. नवलनं लॅपटॉप उघडला, फोनच्या नेटवरून मिलशी जोडला, डबी बाहेर काढली. तिचा दिवा लागला.

"अक्कांना एकदा विचारू या का, शेठ?" तो हळूच म्हणाला.

"त्यांना यातलं काय कळतं? उगाच रडतील. लावा तुम्ही."

नवलनं शेठजींचा उजवा हात उचलला. त्या हाताला वजनच नव्हतं. त्यानं अंगठा काचेवर ठेवला. दिवा लाल झाला.

"कातडी कोरडी पडलीये," प्रेमराज कुजबुजला. "म्हणून घेत नसेल. पुन्हा लावा."

नवलनं तो अंगठा आपल्या दोन्ही तळहातांत धरला, ऊब दिली. आपण करतोय ते चोरी करण्यासारखं आहे हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि तरी त्यानं अंगठा पुन्हा काचेवर टेकवला. दिवा पुन्हा लाल झाला.

आणि दलिचंद शेठांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी तो लाल दिवा पाहिला. मग नवलकडे पाहिलं, मग मुलाकडे. चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांनी हात हळूहळू आपल्याकडे ओढून घेतला. दुसरा हात उचलायला त्यांना फार कष्ट पडले. दोन्ही हात छातीवर जोडून ते म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं."

हे शब्द नवलला पाठ होते. दरवर्षी पर्युषण संपलं की मिलमधून प्रत्येकाला हा निरोप जायचा: माझ्या हातून जे वाईट घडलं असेल ते मिथ्या होवो, क्षमा करा. क्षमा मागायची होती ती खोलीतल्या दोघा धडधाकट माणसांनी, आणि मागितली त्यानं, ज्याचा हात त्यांनी झोपेत चोरला होता. नवलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रेमराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेठजींचे डोळे मिटले. दार उघडलेलं होतं, आणि हातात पाण्याची वाटी घेऊन सज्जनबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

त्यांनी वाटी चटईशेजारी ठेवली. डबी बघितली, लॅपटॉप बघितला. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाहेर या. दोघंही."

पुढच्या खोलीत आल्यावर त्यांनी दर्शनाला आलेल्यांना अंगणात बसायला सांगितलं. मग मुलाकडे वळल्या.

"संथारा द्यायच्या आधी साध्वीजींनी मला विचारलं होतं, तुमची आज्ञा आहे का? घरच्यांच्या आज्ञेशिवाय देत नाहीत. मी हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, आत काय झालं ते माझं मला ठाऊक. मग ते एकेकाचं नाव घेऊन सोडत गेले. मिल सोडली. घर सोडलं. तुला सोडलं, प्रेमराज. शेवटी मला सोडलं. मी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून मी त्यांच्या अंगाला बोट लावलेलं नाही. पाणी पाजते ते चमच्यानं. का, तर माझ्या हाताच्या ओळखीनं मन मागे वळायला नको. आणि तुम्ही दार लोटून त्यांचा हात ओढता?"

प्रेमराज लहान मुलासारखा रडायला लागला. रडत रडतच त्यानं सगळं सांगितलं: मिल कशी बंद पडली, बाया कशा बसून परत जातात, कॉम्प्युटर काय मागतोय. "मालकाचं बोट लागल्याशिवाय उघडत नाही, बाई. दोनदा चुकलं. आता एकदा चुकलं की संपलं सगळं. बाबूजींनी उभं केलेलं सगळं."

सज्जनबाई ऐकत होत्या. एकाएकी त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कुठलं बोट? त्या दिवाळीला पूजेत काचेची डबी ठेवली होती, तिच्यावर लावलेलं?"

"हो, अक्का," नवल म्हणाला. "तेच."

"ते त्यांचं नव्हतं."

अंगणातल्या बायकांनी पुन्हा नवकार सुरू केला होता, तो ऐकू येत होता.

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होता, नवलभाऊ. आणि हा दारात व्यापाऱ्यांना पानसुपारी देत होता. त्यांनी मागे वळून माझा हात धरला. चार माणसांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं. म्हणाले, पहिलं बोट घरच्या लक्ष्मीचं. मी अंगठा पुढे केला, तर म्हणाले, अंगठा नको, पूजेचं बोट दे." सज्जनबाईंनी उजव्या हाताची अनामिका वर केली. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, मूर्तीला केशरचंदन लावतात ते बोट. "मी विचारलं, हे काय आहे? म्हणाले, शकुन आहे. मला वाटलं, शकुनच असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण म्हणीतला वळसा निदान कोणाला तुडवून जात नाही. शेठजींनी सहज गंमत म्हणून तसं केलं असेल का, असा विचार नवलच्या मनात आला, आणि लगेच दुसरी आठवण आली. त्यानं तोंड फिरवायच्या आधीची.

सज्जनबाईंनाही बहुधा तेच विचारायचं होतं. "तुम्ही त्यांना तेव्हा काय सांगितलं होतं, नवलभाऊ? त्यांना ठाऊक होतं का, ते बोट कशाचं?"

"ठाऊक होतं, अक्का." नवल म्हणाला. "मी स्वच्छ सांगितलं होतं. म्हटलं, शेठजी, हे रोजच्या कामाचं बोट नाही. ज्याचं बोट लागेल, तोच या मिलचा मालक. पुन्हा बदलता येणार नाही, विचार करून लावा."

"मग?"

"म्हणाले, विचार केलेलाच आहे."

सज्जनबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांचे खांदे एकदाच हलले आणि स्थिर झाले. नवलनं या बाईला इतक्या वर्षांत कधी मिलबद्दल एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. मिलबद्दल त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. अगदी आजही, त्यांच्याच घरात, त्यांच्याच माणसाच्या उशाशी.

"आणा ती डबी," त्या म्हणाल्या.

नवलनं डबी त्यांच्यापुढे धरली, आणि सवयीनं त्याची मान भिंतीकडे वळायला लागली. मग तो थांबला. या वेळी त्यानं पाठ फिरवली नाही. सज्जनबाईंनी पदरानं बोट पुसलं आणि मूर्तीला लावावं तसं अलगद काचेवर टेकवलं.

शेवटचा प्रयत्न होता. प्रेमराजनं डोळे मिटून घेतले होते. काचेखालचा उजेड क्षणभर थबकला, मग हिरवा झाला, आणि डबीनं त्या दिवाळीसारखंच 'टिंग' केलं. पडद्यावरची ओळ पुसली गेली. तिच्या जागी मिलची यंत्रं, गोदामं, गाड्या एकामागून एक उमटायला लागल्या.

नवलनं फोन लावून पुनाला सांगितलं की गेटाशी उभ्या गाड्यांतली पहिली काट्यावर चढव. थोड्या वेळानं पलीकडून काट्याच्या पत्र्याचा दणका ऐकू आला, मग छपाईचा करकर आवाज, आणि पुनाचं खुशीतलं ओरडणं, "उठना व माय, दांडा उठना!" इकडे कोणीच हसलं नाही. प्रेमराज आईच्या पायांवर डोकं ठेवून पडला होता.

"बाई, मला माफ करा."

"माझी काय माफी मागतोस? मला विचारलं असतंस, तर मी स्वयंपाकघरातून उठून आले असते, आणि पाणी गार व्हायच्या आत काम झालं असतं." त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "त्यांची मागायला हवी. पण आता ती मागायची वेळ गेली."

प्रेमराज उठला. "मी निदान सांगतो त्यांना. मिल सुरू झाली म्हणून. तुमचं बोट लागलं म्हणून. बाई, त्यांना किती बरं वाटेल!"

"काही सांगायचं नाही."

"पण बाई..."

"मिलचं सांगायचं नाही. आणि माझं तर मुळीच नाही. बरं वाटेल, म्हणूनच सांगायचं नाही." सज्जनबाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "इतक्या कष्टानं त्यांनी सोडलंय, प्रेमराज. मी पुन्हा त्यांच्या हातात देऊ?"

त्या आतल्या खोलीकडे निघाल्या. नवल डबीची वायर गुंडाळत उंबऱ्यापाशीच होता, म्हणून पुढचं त्यानं पाहिलं. सज्जनबाई चटईजवळ जाऊन उभ्या राहिल्या. उजव्या हाताचं ते बोट त्यांनी दुसऱ्या मुठीत घट्ट धरलेलं होतं. खाली त्यांच्या नवऱ्याचा हात चादरीबाहेर तसाच पडलेला होता, उघडा. त्या वाकल्या. नवलला वाटलं, आता धरतात. त्याला वाटलं, धरू दे, काही बिघडत नाही, कोण बघतंय.

पावलांची चाहूल लागली असावी. दलिचंद शेठांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते.

"कोण आहे?"

सज्जनबाई वाकल्या होत्या तशाच थांबल्या. मग सरळ झाल्या आणि रोजच्यासारख्या हातभर दूर जाऊन बसल्या.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "नवकार ऐका." आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली.